दुसऱ्या बाकावरची बारेक

लेवोतेमा, लेम्बाता
२४ जुलै २०२३

चि. पेनी,

उद्याच्या बोटीनं कोपोंग मामा कुपांगला येतोय. त्याच्याबरोबर हे पत्र आणि मक्याच्या पोह्यांचे दोन डबे पाठवतेय. एक ताईचा, एक तुझा. ताईचा डबा आधी तिच्या हातात दे. मागच्या खेपेला दोन्ही तूच संपवलेस, हे मला इथं बसून कळलं होतं.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. यंदाही पाचवीच. सव्वीस मुलं आहेत. निवृत्तीला अडीच वर्षं राहिली, तोवर मला पाचवीतून कुणी वर ढकलेल असं दिसत नाही. आमचे हेडमास्तर कानिसियुस गुरुजी रोज म्हणतात, वरून पत्र आलंय, प्रत्येकानं वर्गात नवी साधनं वापरायची. मी मान हलवते.

तुझ्याकडे एक काम आहे. शिक्षकांना फुकटची साधनं शिकवायची तुझी नोकरी, म्हणून तुलाच विचारते. माझ्या वर्गात यंदा बारेक नावाची मुलगी आलीय. तिच्या बापाला धक्क्यावर काम मिळालं, म्हणून डोंगरावरून सगळं घर खाली आलं. दुसऱ्या बाकावर बसते. काही विचारलं की ओठ हलल्यासारखे दिसतात, पण उत्तर येत नाही. तिला ऐकू कमी येत असावं. माणूस बोलला की फोनवर अक्षरं उमटतात असं काहीतरी निघालंय म्हणे. ते खरंच फुकट असेल, तर कसं मिळवायचं ते लिही.

फोन करू नकोस. इथं फोनवर नुसती खरखर असते. लिहूनच पाठव.

तुझी
ओदिलिया मावशी


कुपांग
५ ऑगस्ट

मावशी,

पोहे मिळाले. आईचा डबा आईच्या हातात दिला, आणि मग तिच्या हातातून घेऊन खाल्ला.

तुझं पत्र मी कचेरीत तिघींना वाचून दाखवलं. चार वर्षं मी गावोगाव हे शिकवतेय. शिक्षक येतात, भाताचा डबा खातात, सही करतात, जातात. आपणहून मागणारी तू पहिलीच. तीही कोण, तर फोनची बॅटरी संपली की फोन मेला म्हणून रडणारी माझी मावशी!

माझा जुना फोन पाठवतेय. त्यात तीन गोष्टी घातल्या आहेत. एक, तू मागितलेलं. ते उघडून फोन समोर ठेवायचा, बोललेलं लिहून येतं. इंडोनेशियन भाषा मी आतच उतरवून ठेवलीय, म्हणजे सिग्नल नसला तरी चालेल. आपली लामाहोलोत भाषा त्याला येत नाही. दोन, चौकोनी नक्ष्यांची कार्डं. ती छापून पाठवतेय, प्रत्येक मुलाला एक. तू प्रश्न फळ्यावर लिहायचास, मुलांनी उत्तराप्रमाणे कार्डाची बाजू वर करायची. वर्गावरून फोन फिरवलास की कुणाचं बरोबर, कुणाचं चूक, ते नावानिशी दिसतं. तीन, चित्रांची गोष्टींची पुस्तकं, सव्वाशे. सगळं फुकट. उद्याही फुकट राहील का, ते देव जाणे.

मी तुला तीनदा फोन केला होता. उचलला नाहीस. कोपोंग मामा म्हणतो, "तुझी मावशी हल्ली फार गोड झालीय. काहीही विचारा, हो म्हणते. मी विचारलं चहा करतेस की कॉफी, तरी हो म्हणाली." म्हातारपणी स्वभाव सुधारला की काय तुझा?

त्या मुलीचं पूर्ण नाव, वय आणि ती काय काय करते, ते सविस्तर लिही. आमच्या लुसियाना मॅडम एका खऱ्या कहाणीच्या शोधात आहेत. एका बेटावरची शाळा, एक बहिरी मुलगी, एक फुकटचं साधन. मॅडमना असलं फार आवडतं. मलाही.

पेनी


लेवोतेमा
२७ ऑगस्ट

पेनी,

फोन चालतो. कार्डंसुद्धा.

कार्डांचा पहिला दिवस म्हणजे जत्राच होती. सव्वीस मुलांनी कार्डं उलटी, सुलटी, आडवी धरली, एकानं डोक्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी जमलं. तिसऱ्या दिवशी मला कळलं, की वर्गात सगळ्यात मोठ्यानं बोलणाऱ्या चार मुलांना अपूर्णांकातलं काही येत नाही. तीस वर्षं मी त्यांच्यासारख्यांना हुशार समजत आले. आवाज मोठा असला की उत्तर बरोबर वाटतं. बारेकचे दहाच्या दहा बरोबर आले. परत दहा प्रश्न दिले, परत दहा.

बोललेलं लिहिणाऱ्या साधनाचं म्हणशील, तर इंडोनेशियन बरं लिहितं. आपली भाषा आली की वेड लागल्यासारखं करतं. शिपाई दारात येऊन आपल्या भाषेत म्हणाला, गुरुजींनी हजेरी मागितलीय. पडद्यावर आलं: "सरकारी बदक झोपलंय." मी ते वर्गाला वाचून दाखवलं. त्या दिवशी पुढं काही शिकवता आलं नाही. आता मी नियम केलाय, वर्गात बोलायचं ते इंडोनेशियनमध्ये, एका वेळी एकानं आणि फोनकडे तोंड करून. मुलांना सवय होतेय.

मुलीचं नाव मारिया बारेक. वय अकरा. बापाचं नाव ओला. अंगानं बारीक, केस नीट बांधते, वही स्वच्छ. तिला चारचौघांत लाज वाटू नये म्हणून फोन मी माझ्याच टेबलावर ठेवते. तिची प्रगती चांगली आहे. यापेक्षा जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

१७ तारखेला स्वातंत्र्यदिनाच्या शर्यतींत कानिसियुस गुरुजी गोणपाटात पाय घालून धावले आणि पडले. बरे आहेत.

ओदिलिया


कुपांग
८ सप्टेंबर

मावशी गं,

तू लिहिलंस तेवढ्यावर मी चार पानं लिहिली! मॅडमनी ती दोनदा वाचली. नोव्हेंबरात जकार्ताला मोठी सभा आहे, सगळ्या बेटांवरचे लोक येणार. तिथं ही कहाणी मांडायची ठरलीय, आणि मांडणार मी. विमानानं जाणार. आईनं आत्तापासून शेजारणीला सांगून ठेवलंय, की माझी मुलगी राजधानीत भाषण करणार. आईला कितीदा सांगितलं, भाषण नाही, दहा मिनिटं आहेत. ती म्हणते, दहा मिनिटं म्हणजे भाषणच.

आणखी एक चांगली बातमी. कानांची तपासणी करणारं एक पथक या महिन्याअखेर लेम्बाताला जातंय. त्यातल्या हर्मिनाला मी ओळखते. बारेकचं नाव मी दिलंय. ऐकू येत नाही असं ठरलं, तर कानातलं यंत्र फुकट मिळेल.

एक विचारू? फोन तुझ्या टेबलावर, मुलगी दुसऱ्या बाकावर. इतक्या लांबून ती वाचते कशी? अक्षर मोठं करता येतं, ते तू केलंयस का? मला मांडणीत लिहावं लागेल, म्हणून विचारलं.

पेनी


लेवोतेमा
१६ सप्टेंबर

पेनी,

पथक पाठवू नकोस. गरज नाही. मुलगी अभ्यासात पुढं आहे, तेवढं पुरे.

मी तुझ्याकडे एक साधन मागितलं होतं. पथक, यंत्र, जकार्ता, यातलं काही मागितलं नव्हतं. एका मुलीचं नाव तू मला न विचारता चार ठिकाणी दिलंस. हे काढून घेता येत असेल तर काढून घे.

ताईचा खोकला कसा आहे?

ओदिलिया


कुपांग
६ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र आलं तोवर पथक निघून गेलं होतं. तुझं पत्र वाचून मला रागच आला होता, खरं सांगते. वाटलं, जुन्या वळणाची आहेस, मुलीत काही उणं आहे हे चार लोकांना दिसायला नको म्हणून झाकतेस. तुला तसं लिहायलाही बसले होते.

काल हर्मिनाचा कागद आला. बारेकचे दोन्ही कान उत्तम आहेत. हर्मिना म्हणते, तिनं आयुष्यात इतके तीक्ष्ण कान थोडे पाहिलेत. तपासणी शाळेच्या अंगणात, चिंचेखाली झाली, आणि बघायला अर्धं गाव जमलं होतं. पथकानं बारेकचं नाव शाळेला आधीच कळवलं होतं, त्यामुळे तपासणीच्या आधी पंधरा दिवस गावात बोभाटा होता, की ओलाची मुलगी बहिरी आहे, कुपांगहून माणसं येतायत. मुलं तिला बहिरी म्हणून हाका मारतात. कान चांगले निघाले तरी मारतात. हर्मिना निघताना बारेकची आई रडत होती, बरं वाटून नव्हे.

मी तुझी सगळी पत्रं काढून परत वाचली. मावशी, तुझी चूक झाली होती, की तू मला खोटं लिहिलंस? माझी चार पानं जकार्ताला गेली आहेत. मॅडमनी हा कागद अजून पाहिलेला नाही. त्यांना काय सांगू, ते मला तुझ्याकडूनच कळायला हवं.

पेनी


लेवोतेमा
१२ ऑक्टोबर

पेनी,

पहिलं पत्र निम्मी चूक होती, निम्मं खोटं. दुसरं सगळंच खोटं होतं. नीट सांगते.

ऐकू मला येत नाही.

चार वर्षांपूर्वी ताप आला होता, आठवत असेल. त्यानंतर डावा कान गेला, मग उजवा कमी होत गेला. घंटा ऐकू येते, कानिसियुस गुरुजी ऐकू येतात, बोटीचा भोंगा ऐकू येतो. मुलांचे बारीक आवाज येत नाहीत. मला स्वतःलाच ते बरेच दिवस कळलं नव्हतं. साथीत सगळ्यांच्या तोंडावर फडकी आली आणि जग एकदम बंद पडलं, तेव्हा कळलं, की मी कधीपासून डोळ्यांनी ऐकत होते. फडकी निघाल्यावर परत चालवलं. ज्याचं उत्तर मला ठाऊक आहे तेच विचारायचं. मोठ्या आवाजाच्या मुलांनाच उठवायचं. बाकी कुणी काही म्हटलं की हो म्हणायचं. कोपोंग मामाला त्या दिवशी चहाही मिळाला नाही आणि कॉफीही.

कुणाला सांगितलं असतं, तर पाचवी काढून घेतली असती. घरात मी एकटी. सकाळी उठून कुठं जायचं, हा प्रश्न मला शाळेमुळे पडत नाही. एवढंच कारण. मोठं काही नाही.

जुलैत बारेक आली. मी विचारायची, तिचे ओठ जेमतेम हलायचे, मला काही ऐकू यायचं नाही. मनात आलं, हिलाच ऐकू येत नसेल. हे मनात यायला मला बरं वाटलं, हेही सांगून टाकते. साधन माझ्यासाठी मागायची लाज वाटत होती, तिच्यासाठी मागायची वाटली नाही.

मग फोन आला. दुसऱ्याच दिवशी मी विचारलं, पाण्याची वाफ होते ती जाते कुठं? वर्ग गप्प. म्हणजे माझ्यापुरता गप्प. आणि पडद्यावर अक्षरं आली: "वाफ वर जाते, थंड होते, तिचा ढग होतो." एकही चूक नाही. मी मान वर केली. वर्गात एकच मुलगी तोंड मिटत होती. दुसऱ्या बाकावरची.

ती पहिल्या दिवसापासून उत्तरं देत होती, पेनी. सगळ्या वर्गाला ऐकू येत होती. फक्त मी तिला "बस खाली" म्हणत होते.

तुला २७ ऑगस्टचं पत्र लिहिलं तेव्हा मला हे ठाऊक होतं. तरी लिहिलं नाही.

तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी तिची आई घरी आली. मी फोन पुढं केला, पण ती आपल्या भाषेत बोलत होती, पडद्यावर मासे आणि मंत्री असलं काहीतरी यायला लागलं. शेवटी तिच्या तोंडाकडे बघून समजून घेतलं. दोनदा सांगायला लावलं तिला. म्हणाली, "बाई, पंधरा दिवस आम्ही पोरीशी ओरडून बोललो. तिचा बाप तिच्या पाठीमागं ताटं वाजवून बघायचा. ती रडायची, आई मला येतं ऐकू म्हणायची. आम्हाला वाटायचं, बहिऱ्या पोरीला काय कळतंय. बाई म्हणतायत ते खोटं कसं असेल?"

 ती उठली, दारापर्यंत गेली, पाठमोरी उभी राहिली. मग वळून माझ्याकडे बघत राहिली. परत आली, अगदी समोर उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, "मी आत्ता म्हटलं, बाई, तुमच्या छपराला आग लागलीय."

 मग ती निघून गेली. त्याला आज दोन आठवडे झाले. तिनं हे गावात कुणालाही सांगितलेलं नाही. हे मला सगळ्यात जास्त लागलं.

२१ तारखेला पालकांची सभा आहे. तिथं मी सांगणार आहे. तुझ्या मॅडमना काय सांगायचं, ते आता तुला ठरवता येईल.

ओदिलिया


कुपांग
१७ ऑक्टोबर

मावशी,

घाईत लिहितेय, बोट सुटायच्या आत पोचवायचंय.

तुझ्या कानांचं वाचून मी रडले. आईला अजून सांगितलेलं नाही. पण सभेत बोलू नकोस. निदान आत्ता नको. अडीच वर्षं राहिलीत तुझी. तू बोललीस तर गुरुजींना वर कळवावंच लागेल आणि तुला वर्गातून काढतील. मुलीचं म्हणशील, तर ती बरी झाली असं सांगता येईल. आधी कमी ऐकू यायचं, आता सुधारलं. डोंगरावरून खाली आलं की कान मोकळे होतात, असं काहीही. कान सुधारले म्हणून कुणाला वाईट वाटणार आहे? सगळे खूशच होतील.

आणि हो, माझंही आहे त्यात. जकार्ता २० नोव्हेंबरला आहे. चार वर्षांत मला कुणी कुठं बोलावलं नव्हतं. फक्त महिनाभर थांब. मग तुला काय सांगायचं ते सांग, मी तुझ्या शेजारी येऊन उभी राहीन.

पेनी


लेवोतेमा
२४ ऑक्टोबर

पेनी,

तुझं पत्र शुक्रवारी, सभेच्या आदल्या दिवशी मिळालं. दोनदा वाचलं. रात्री भात खाल्ला, झोपले. शनिवारी सभेत बोलले.

फार नाही बोलले. उभी राहिले आणि म्हटलं, "ओलाच्या बारेकला चांगलं ऐकू येतं. ऐकू मला येत नाही. मी माझं तिच्या नावावर खपवलं." त्यानंतर लोक गप्प झाले की एकदम बोलायला लागले, ते मला कळलं नाही. तोंडं हलत होती, म्हणजे बोलत असावेत.

ओला मात्र ऐकू आला. धक्क्यावर बोटींना हाका मारणारा माणूस. म्हणाला, "बाई, चिठ्ठी लिहून माझ्या पोरीला बहिरी केलंत, आता सभेत उभं राहून बरी करताय? इथं तीस माणसं आहेत. बाजाराला तीनशे येतात. त्यांना कोण सांगणार? मी?"

कानिसियुस गुरुजी म्हणाले, "ओला, जरा हळू."

ओला म्हणाला, "हळू बोलून यांना काय ऐकू जाणार?"

कुणीतरी हसलं. मीही हसले, कारण बोलणं खरं होतं. मग मी म्हटलं, सोमवारी बाजारात मीच सांगेन.

काल सोमवार होता. गुरुजींनी अर्धी रजा दिली. बारेकची आई बरोबर आली, मी बोलावलं नव्हतं. ती पुढं आणि मी मागं. प्रत्येक पाटीपाशी थांबून मी तेच सांगत गेले. लोक काय म्हणायचे ते ती माझ्याकडे वळून, तोंड समोर धरून परत सांगायची. केळीवाली म्हणाली, बिचारी बाई. कुणी म्हणालं, पगार मात्र पूर्ण घेत होती. मासे विकणारी ब्रिजिता तुला आठवते का? ती म्हणाली, "म्हणजे गेल्या वर्षी बोंबील शिळे म्हणालात, तेव्हा मी तुम्हाला इतक्या शिव्या घातल्या, त्या ऐकल्याच नाहीत?"

मी म्हटलं, "नाही."

"मग फुकट गेल्या," ती म्हणाली. आणि तिनं दोन मासे टोपलीत टाकले. का टाकले, ते तिनं सांगितलं नाही.

बारेक आली नव्हती. शाळेत होती. सभेपासून ती माझ्याकडे बघत नाही.

गुरुजींनी वर कळवलंय. वाईट माणूस नाही तो, लिहिताना दोनदा थांबले. पाचवी परवापासून युस्तिनाकडे जाईल. तरुण मुलगी आहे. तिला कार्डं आणि फोन दाखवला, अर्ध्या तासात माझ्यापेक्षा चांगलं यायला लागलं.

तुझं जकार्ता माझ्यामुळे गेलं, तर त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण तू सांगितलंस तसं मी केलं असतं, तर पोरीला आयुष्यभर "बरी झालेली बहिरी" राहावं लागलं असतं. मागणी आली की लोकांनी तेच विचारलं असतं, परत तर जाणार नाही ना ऐकू येणं?

ओदिलिया


कुपांग
५ नोव्हेंबर

मावशी,

मॅडमना सांगितलं. हर्मिनाचा कागद आणि तुझं १२ तारखेचं पत्र, दोन्ही समोर ठेवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग विचारलं, "या मुलीशी तू बोलली होतीस?" मी म्हटलं, नाही. "फोनवरसुद्धा?" नाही. "तिच्या आईशी?" नाही.

मग त्यांनी माझी चार पानं उलटी करून ठेवली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कहाणी काढून घेतली. जकार्ताला दुसरी एक जण जातेय, सुंबा बेटावरच्या शाळेतल्या कार्डांबद्दल बोलायला. मला दोन महिने गावांना जायचं नाही, कचेरीत बसून याद्या करायच्या. आईनं शेजारणीला सांगितलं, की विमानाचं तिकीट मिळालं नाही.

मी चार पानं लिहिली, मावशी. तिचे केस नीट असतात, वही स्वच्छ असते, ती पडद्याकडे आशेनं बघते, असं सगळं. आशेनं हे मी माझ्या पदरचं घातलं होतं. त्या चार पानांत तिच्या तोंडचं एकही वाक्य नाही. ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. मग तुझ्यावर कसली रागावू?

माझं १७ तारखेचं पत्र फाडून टाक.

हर्मिना २८ तारखेला लेवोलेबा शहरात असेल. एका कानाचं यंत्र शिल्लक आहे, तुझं नाव दिलंय. या वेळी विचारून देणार होते, पण तू फोन उचलत नाहीस.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लहानपणी मी हाक मारली की ओदिलिया ऐकू न आल्याचं सोंग करायची. देवानं बघितलं." मग रडली. डिसेंबरात आम्ही दोघी येतोय.

पेनी


लेवोतेमा
९ डिसेंबर

पेनी,

यंत्र उजव्या कानात बसवलं. तीन तास लागले. हर्मिना शांत बाई आहे.

लोक विचारतात, काय काय ऐकू येतं. त्यांना वाटतं, मी समुद्र किंवा घंटा असलं काहीतरी सांगेन. समुद्र मला आधीही येत होता. नव्यानं जे येतं ते असं: माझ्या चपला, बाक ओढल्याचा कर्कश आवाज, कोंबड्या, युस्तिनाचा खोकला, पातेल्यावर झाकण. पहिल्या दिवशी दुपारी डोकं इतकं दुखलं, की काढून ठेवलं. आता दिवसाचे पाच तास घालते. मुलांचे आवाज येतात, पण सगळे एकदम. हर्मिना म्हणते, वेगळे व्हायला वेळ लागेल.

पाचवी काही परत मिळणार नाही. गुरुजींनी मला वाचनाचा तास दिलाय, जुन्या सामानाच्या खोलीत. युस्तिनाला लागतो म्हणून फोन सकाळी तिच्याकडे असतो, दुपारी माझ्याकडे. तुझी सव्वाशे पुस्तकं तिथंच वाचून घेते. एका वेळी पाच-सहा मुलं बसतात. एवढ्यांचं जमतं.

बारेक तासाला येत नव्हती. परवा आली. मुलं आपापल्या वर्गात परतल्यावर दारात उभी राहिली. मी यंत्र घातलेलं होतं. ती बोलली.

तिचा आवाज घोगरा आहे, पेनी. जरा शेळीसारखा. इतके महिने मी धरून चालले होते, की गोड असेल.

ती म्हणाली, "बाई, तुम्ही बाजारात सांगितलंत. पण वर्गात दोघं मला अजून बहिरी म्हणतात."

मी म्हटलं, "कोण?"

तिनं दोन नावं सांगितली. मला परत विचारावं लागलं नाही. मी उठले आणि तिच्याबरोबर पाचवीच्या वर्गाकडे गेले.

ओदिलिया